जागतिक हेवीवेट कुस्तीचा पट्टा: गॉचपासून झिबिस्कोच्या दगाबाजीपर्यंत

खडाखडी (धागाकर्ता)

इथे कुस्तीचे धागे निघतात ते बहुतेक महाराष्ट्र केसरीच्या मोसमात, आणि दोन दिवसांत पंचांना शिव्या घालून संपतात. म्हणून जरा लांबची कुस्ती घेऊन आलोय. अमेरिकन व्यावसायिक कुस्ती म्हटली की आपल्याला चमकत्या चड्ड्या आणि डोक्यात घातलेल्या लोखंडी खुर्च्या आठवतात. पण सव्वाशे वर्षांपूर्वी तिथला हेवीवेट विजेता म्हणजे खरोखर समोरच्याचं हाड मोडू शकणारा गडी असायचा. तो पट्टा निकाली कुस्तीतून नुरा (आधीच निकाल ठरवलेल्या) कुस्तीत कसा गेला, हे सांगायचंय.

वजनगटाचं आधी उरकतो. हेवीवेटला वरची मर्यादा नव्हती आणि खालून कुणी अडवत नव्हतं. १८९५ मध्ये शिकागोला इव्हान लुईसला हरवून अमेरिकेचा विजेता झालेला मार्टिन 'फार्मर' बर्न्स जेमतेम ७५ किलोचा होता. मान मात्र वीस इंची. गळ्यात फास अडकवून सहा फूट खाली उडी घ्यायची आणि लटकल्या लटकल्या शिट्टीवर गाणं वाजवायचं, असा त्याचा जत्रेतला खेळ होता. त्याच्या हातून पट्टा डॅन मॅक्लिऑडकडे गेला, त्याच्याकडून टॉम जेंकिन्सकडे. जेंकिन्स क्लीव्हलंडच्या पोलाद कारखान्यातला कामगार, एका डोळ्याने अधू. पुढे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत कित्येक वर्षं कॅडेट्सना कुस्ती शिकवत होता.

इथवर सगळं अमेरिकेपुरतं. 'जागतिक' हा शब्द चिकटला तो ४ मे १९०५ ला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जॉर्ज हॅकनश्मिटने जेंकिन्सला हरवलं. हॅकनश्मिट एस्टोनियातल्या दोर्पातचा (आजचं तार्तू), तेव्हा रशियन साम्राज्यात होतं ते, म्हणून 'रशियन लायन'. आदल्याच वर्षी लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहात त्याने अहमद मद्राली या तुर्की मल्लाला ४४ सेकंदांत लोळवलं होतं. बहुतेक इतिहासकार जागतिक हेवीवेट विजेत्यांची यादी त्याच्यापासून सुरू करतात.

आणि मग फ्रँक गॉच. आयोवातल्या हंबोल्टचा शेतकऱ्याचा पोरगा. १८९९ मध्ये गावाजवळच्या सामन्यात त्याच्यासमोर एक अनोळखी माणूस उभा केला गेला, फर्निचरचा व्यापारी म्हणून. जवळजवळ दोन तास झुंजून गॉच हरला आणि मग कळलं की व्यापारी म्हणजे खुद्द डॅन मॅक्लिऑड. त्याच वर्षी डिसेंबरात फार्मर बर्न्सने हे पोर हेरलं आणि वस्ताद म्हणून हाताखाली घेतलं. गॉचचा हुकमी डाव म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून पंजा पिरगळायचा. गुडघ्यापर्यंत कळ जाते, माणूस एकतर पाठ टेकतो नाहीतर लंगडत घरी जातो.

३ एप्रिल १९०८, शिकागोचं डेक्स्टर पार्क. गॉच विरुद्ध हॅकनश्मिट दोन तासांहून जास्त चालली आणि बराच वेळ दोघे उभ्यानेच. गॉचने डोक्याने ढुसण्या दिल्या, अंगठे खुपसले, थकवत ठेवलं. शेवटी हॅकनश्मिटने पहिली फेरी सोडून दिली आणि दुसरीसाठी आलाच नाही. त्या रात्री त्याने गॉचची तोंडभरून स्तुती केली. युरोपात परत गेल्यावर मात्र, गॉच अंगाला तेल चोपडून आला होता, अशी तक्रार सुरू झाली.

दुसरी गाठ ४ सप्टेंबर १९११ ला, शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉल मैदानात. तीस हजारांच्या आसपास माणूस आणि ८७ हजार डॉलरचा गल्ला, त्या काळातले! हॅकनश्मिट दुखावलेला गुडघा घेऊन उतरला होता. पहिली फेरी चौदा मिनिटांत गेली, दुसरी साडेपाच मिनिटांत. लोक चिडले. माझ्या मते हा पट्टा घसरायला लागला तो त्या दिवसापासून.

पुढचं प्रतिसादात लिहितो, जेवायला हाका येताहेत.

मधली आळी

वाचनखूण साठवली. कुस्तीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण फर्निचरवाला आवडला. एक बावळट प्रश्न: पाठ टेकल्यावरच हार ना? मग पाय पिरगळणं चालायचं कसं?

रंकाळाकाठ

@मधली आळी, ताई प्रश्न बावळट न्हाई. आपल्याकडं पाठ मातीला लागली की खेळ खल्लास. त्यांच्याकडं दोन्ही खांदे टेकवायचे किंवा असा डाव बसवायचा की समोरचा स्वतःच 'बास' म्हणंल. आणि तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या.

बाकी धागा लय भारी, पण भावा, १९१० सोडून सरळ १९११ ला गेलास? आपला गामा पैलवान कुठाय?

थेम्सकाठ

हेच लिहायला आलो होतो. मी व्हाइट सिटीजवळ राहतो. १९०८ च्या ऑलिम्पिकचं स्टेडियम होतं तिथे आता कार्यालयांच्या इमारती आहेत आणि धावण्याच्या शर्यतीची शेवटची रेषा होती तिथे तशी खूण केलेली आहे. ऑलिम्पिकची आठवण ठेवलीय, गामाची मात्र नाही. १० सप्टेंबर १९१० ची कुस्ती इथेच झाली.

गामा, त्याचा भाऊ इमामबक्ष आणि आणखी काही मल्ल त्या वर्षी बेंजामिन नावाच्या प्रवर्तकाबरोबर लंडनला आले. गामा उंचीने साधारण पाच फूट सात इंच, वजन नव्वद किलोच्या आसपास. ऑगस्टमध्ये अल्हम्ब्रा थिएटरात त्याने अमेरिकेच्या डॉ. रोलरला हरवलं. हा रोलर खरोखरचा डॉक्टर. मग 'जॉन बुल' पट्ट्यासाठी पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को समोर आला, गामापेक्षा निदान पंचवीस किलो जड. गामाने सुरुवातीलाच त्याला खाली घेतलं. त्यानंतर अडीच तासांहून जास्त वेळ झिबिस्कोने जे केलं त्याला कुस्ती म्हणायचं का हे तुम्ही ठरवा. तो पालथा पडून मॅटला चिकटून राहिला. कुस्ती अनिर्णित सुटली, आठवड्याने पुन्हा ठेवली, तर झिबिस्को आलाच नाही. पट्टा गामाला.

खडाखडी

गामा मुद्दाम मागे ठेवला होता, कारण झिबिस्को हा या धाग्यातला खलनायक आहे आणि तो शेवटी लागणार आहे. पण आता निघालंच आहे तर ही साखळी बघा. नोव्हेंबर १९०९ मध्ये बफेलोला अट अशी होती की गॉचने एका तासात झिबिस्कोला दोनदा पाडायचं. एकदाही पाडता आलं नाही. मग १ जून १९१० ला शिकागोत पट्ट्यासाठी गाठ. झिबिस्को हात मिळवायला पुढे आला आणि गॉचने तसाच पट काढला, म्हणजे पाय ओढून पाडलं. सहा-साडेसहा सेकंदांत पहिली फेरी खलास. दुसरी अर्ध्या तासाच्या आत. तीन महिन्यांनी लंडनला हाच झिबिस्को मॅटला का चिकटला, ते यावरून समजतं. दुसऱ्यांदा फसायची त्याची तयारी नव्हती.

गॉच आणि गामा ही जोड कधी लागलीच नाही. त्या दशकातली खरी जागतिक कुस्ती तीच झाली असती.

रंकाळाकाठ

इमामबक्षचं नाव निघालं म्हणून. १९१२ ला शाहू महाराजांचं खासबाग मैदान सुरू झालं, तेव्हाच्या जंगी कुस्तीत इमामबक्ष विरुद्ध गुलाम मोहिद्दीन ही जोड होती. म्हंजे लंडनमध्ये जॉन लेम या स्विस मल्लाला लोळवून आलेला गडी दोन वर्षांत कोल्हापुरात! महाराजांनी रोमचं कलोझियम १९०२ च्या युरोप दौऱ्यात बघितलं आणि तसला आखाडा आपल्याकडं पायजे म्हणून खासबाग बांधलं. हौद मधोमध, प्रेक्षक चढत्या उतारावर. शेवटच्या माणसालाबी डाव दिसतो.

शंकेखोर

लेखन छान, पण धाग्याच्या गृहीतकावरच आक्षेप आहे. '१९११ पर्यंत खरी, नंतर खोटी' ही सरळ रेघ कुठून आणली? तुमचा गॉच १९०१ मध्ये क्लोंडाइकच्या सोन्याच्या खाणींकडे 'फ्रँक केनेडी' या खोट्या नावाने कुस्त्या खेळत होता. खोटं नाव कशाला लागतं? कामगारांकडून पैजा लावून घ्यायला. तो फर्निचरवालाही त्याच धंद्यातला. ही सगळी मंडळी पैजेच्या बाजारातून आलेली आहेत, तालमीतून नाही.

आणि १९११ चा गुडघा. लू थेस या पुढच्या काळातल्या विजेत्याने सांगून ठेवलंय की त्याचा गुरू ॲड सँटेल हा हॅकनश्मिटच्या सरावाच्या चमूत होता आणि गॉचच्या माणसांनी पाच हजार डॉलर देऊन त्याच्याकडून तो गुडघा मोडवून घेतला, असं सँटेलनेच त्याला सांगितलं. हे खरं असेल तर तुमच्या 'खऱ्या' काळातली सगळ्यात मोठी कुस्ती आधीच विकली गेली होती.

खडाखडी

क्लोंडाइकबद्दल पूर्ण सहमत. सँटेलची गोष्ट मला तितकी पचत नाही. हॅकनश्मिटने स्वतः सरावातला अपघात सांगितला आणि त्यात नाव रोलरचं घेतलं. पाच हजारांची कथा थेसमार्फत, कित्येक वर्षांनी आलेली. पैलवान म्हातारपणी किती फुगवून सांगतात हे रंकाळाकाठ यांना विचारा.

पण माझा मुद्दा रेघेचा नाहीच. खऱ्या कुस्तीची अडचण काय होती ते पाहा. गॉच १९१३ ला निवृत्त झाला, मग दोन वर्षं पट्ट्यावर भलभलत्यांनी दावे केले, ते सोडून देऊ. ५ जुलै १९१५ ला ओमाहात नेब्रास्काच्या जो स्टेकरने चार्ली कटलरला हरवलं आणि पुन्हा एक निर्विवाद विजेता मिळाला. स्टेकर बावीस वर्षांचा, लांब पायांचा. पायांची कैची कमरेभोवती घालून आवळायचा. त्याच सुमारास एड 'स्ट्रँगलर' लुईस वर येत होता. तो डोक्याला विळखा घालायचा आणि सरावासाठी स्प्रिंग बसवलेलं लाकडी मुंडकं दाबत बसायचा.

४ जुलै १९१६, ओमाहा, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. स्टेकर विरुद्ध लुईस. हजारो लोक उन्हात येऊन बसले आणि समोर दोन उत्तम मल्ल जवळजवळ पाच तास एकमेकांची मनगटं धरून उभे राहिले. लुईस बचाव सोडेना. लोकांनी गाद्या फेकल्या. शेवटी बरोबरी. कुणाची लबाडी नाही, कुणी विकला गेला नाही. शंभर टक्के खरी कुस्ती आणि पूर्ण कंटाळा!

पूर्वीही हे झालं होतं. १८८१ मध्ये न्यूयॉर्कला मल्डून आणि व्हिसलर सात तासांच्या वर झुंजले, पहाटे चारच्या सुमारास दिवे मालवून लोकांना घरी पाठवावं लागलं. तुल्यबळ मल्ल हरायला तयार नसले तर कुस्ती पुढे सरकतच नाही. त्यात उलट बाजूही आहे, की विजेता फारच भारी असला तर पहिल्या दोन मिनिटांत तिकिटाचे पैसे वाया. प्रवर्तकाला दोन्ही नको. त्याला पाऊण तास, दोन-तीन वेळा हारता हारता वाचणं आणि मग निकाल हवा. एवढं मोजून फक्त ठरवूनच मिळतं.

मधली आळी

म्हणजे प्रेक्षकांनीच खोटी मागितली म्हणा की.

खडाखडी

@मधली आळी, हो, न सांगता.

पुढची वर्षं भरभर घेतो. एप्रिल १९१७ ला अर्ल कॅडॉकने स्टेकरला हरवलं. कॅडॉक युद्धावर गेला, विषारी वायूने फुफ्फुसं खराब करून परतला आणि ३० जानेवारी १९२० ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन तासांच्या कुस्तीनंतर पट्टा स्टेकरला देऊन बसला. त्या कुस्तीचं चित्रीकरण टिकून आहे, जरूर बघा. हालचाल आपल्या मॅटवरच्या कुस्तीच्या जवळची आहे. डिसेंबर १९२० ला पट्टा लुईसकडे, १९२१ ला आपल्या झिबिस्कोकडे, १९२२ ला पुन्हा लुईसकडे.

लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी धंदा नव्याने मांडला. मल्लांचा कायमचा ताफा, गावोगावचे दौरे, वेळेची मर्यादा, प्रत्येक कुस्तीचा शेवट आधी ठरलेला. लुईसला खरं तर कुणी हरवू शकत नव्हतं, हीच त्यांची अडचण. रोज तोच जिंकतो म्हटल्यावर तिकीट कोण काढणार? म्हणून त्यांनी एक फुटबॉल खेळाडू शोधला, नेब्रास्काचा वेन मन. साडेसहा फूट उंच, ११८ किलोच्या आसपास, देखणा, लोकप्रिय. कुस्ती मात्र यथातथाच. ८ जानेवारी १९२५ ला कॅन्सस सिटीत त्याने लुईसला उचलून रिंगबाहेर टाकलं आणि पट्टा घेतला. अर्थात सगळं ठरवून. काही महिने याला मिरवायचं, मग लुईसने परत घ्यायचा आणि मोठा गल्ला जमवायचा, असा बेत.

मध्ये वेन मनला शोभा यावी म्हणून जुन्या नावाजलेल्या मल्लांनी त्याच्यापुढे हरायचं होतं. त्यातला एक झिबिस्को, वय पंचेचाळीसच्या घरात. १५ एप्रिल १९२५, फिलाडेल्फिया. घंटा वाजली आणि झिबिस्को ठरलेलं विसरला. त्याने त्या पोराला पुन्हा पुन्हा पाडलं, इतकं उघड की रेफरीला निकाल देण्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. झिबिस्को आतून स्टेकरच्या गोटाला मिळाला होता. ३० मे ला सेंट लुईसमध्ये त्याने पट्टा शांतपणे स्टेकरच्या हवाली केला. सँडोचं दुकान एका रात्रीत लुटलं गेलं.

शंकेखोर, आता माझा मुद्दा. कुस्ती ठरवलेली असो वा नसो, पट्टा अशा माणसाच्या कमरेला लागतो जो ठरलेलं मोडायला आलेल्याला आवरू शकेल. फुटबॉलवाल्याला ते जमलं नाही. पुढे कित्येक वर्षं प्रवर्तकांनी हा धडा लक्षात ठेवला. विजेता दिखाऊ असला तरी तो खरा मल्ल आहे ना, हे आधी बघायचे. १९२८ ला पट्टा लुईसकडे परत आला तोसुद्धा वाटाघाटी होऊनच, पण तो असा माणूस होता की त्याच्याशी रिंगमध्ये दगा करायची कुणाची छाती नव्हती.

शंकेखोर

हे मांडणं पटलं. म्हणजे खरी कुस्ती संपली नाही, ती धमकी म्हणून मागे शिल्लक राहिली. तरी गॉचबद्दलचं तुमचं प्रेम मला झेपत नाही.

थेम्सकाठ

आणि हाच झिबिस्को जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाला गामासमोर पुन्हा उभा राहिला. महाराजा भूपिंदरसिंगांनी भरवलेली कुस्ती, यावेळी मॅट नाही, माती. एक मिनिटही टिकला नाही.

रंकाळाकाठ

मातीत पालथं पडून ऱ्हायला गेला तरी कुणी ठिवलं नसतं त्याला. आमच्याकडं असल्या गड्याला प्रेक्षकच उठवत्यात, 'कुस्ती कर न्हाईतर घरला जा' म्हणून.

वजनकाटा

उशिरा आलो. सगळे हेवीवेटमागे लागलेत, पण खरी कुस्ती जास्त काळ टिकली ती खालच्या वजनांत असं माझं मत. कारण साधं, तिथे पैसा कमी होता, विकायला कुणाला रस नव्हता.

वर ज्याच्यावर गुडघा मोडल्याचा आरोप झालाय तो सँटेल स्वतः लाइट हेवीवेटचा जागतिक विजेता म्हणवायचा. या गटाची मर्यादा १७५ पौंड, म्हणजे ७९ किलो. १९१६ मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोत तोकुगोरो इतो या नामांकित ज्युदोकाला आपटलं आणि १९२१ ला थेट टोकियोत जाऊन यासुकुनी देवळाच्या आवारात कोदोकान या ज्युदोच्या मूळ संस्थेच्या लोकांशी लढला. ज्युदोचे संस्थापक कानो यांना ते अजिबात रुचलं नव्हतं. मेक्सिकोत तर १९३३ ला साल्वादोर लुत्तेरोथने कंपनी काढल्यावर मधल्या वजनांनाच जास्त मान मिळाला. तिथला सगळ्यात मोठा मुखवटेवाला मल्ल एल सांतो वेल्टरवेट आणि मिडलवेट विजेता होता.

आणि ज्युनियर हेवीवेट. ओक्लाहोमाचा डॅनी हॉज हा १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकचा रौप्यपदक विजेता. हाताने सफरचंद फोडायचा. व्यावसायिक झाल्यावर १९६० मध्ये त्याची अँजेलो सावोल्डी नावाच्या विजेत्याशी चुरस लावली होती. सगळं ठरवून, अर्थात. पण हॉजच्या बापाला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. पोराला मार पडतोय असं बघून म्हातारा रिंगजवळ गेला आणि सावोल्डीला चाकूने भोसकलं. सत्तरेक टाके पडले. त्याच वर्षी हॉजने पट्टा घेतला.

मधली आळी

अरे देवा! बाप बरोबरच होता म्हणायचा. पोराने घरी तरी सांगायचं ना?

वजनकाटा

@मधली आळी, तेव्हा घरीही सांगत नसत. धंद्याचा पहिला नियम तोच. बायको-पोरांनासुद्धा खरी कुस्ती आहे असंच भासवायचं.

शंकेखोर

मग आपला दारासिंग? १९६८ ला मुंबईत लू थेसला हरवून जगज्जेता झाला, असं शाळेपासून ऐकत आलोय.

वजनकाटा

थेसला हरवलं हे खरं. पण एनडब्ल्यूए (नॅशनल रेसलिंग अलायन्स) या अमेरिकन प्रवर्तकांच्या संघटनेचा जागतिक पट्टा तेव्हा थेसकडे नव्हता. जानेवारी १९६६ ला सेंट लुईसमध्ये तो जीन किनिस्कीकडे गेला होता आणि १९६८ मध्येही किनिस्कीकडेच होता. मुंबईच्या कुस्तीला 'जागतिक' नाव देणं हा प्रवर्तकांचा नेहमीचा उद्योग. यादीत बघाल तर तिथे दारासिंगचं नाव सापडणार नाही. याने दारासिंग लहान होत नाही, नाव मोठं होतं म्हणून थेस इथवर आला.

रंकाळाकाठ

आता दारासिंगवर सुरू झालं तर हा धागा पाचशे प्रतिसाद गाठंल. वेगळा काढा, किंगकाँग पैलवानापासून सुरू करा. मी मोतीबाग तालमीतल्या जुन्या गड्यांना विचारून लिहितो त्यात.